जुने ज्युनिपर प्रदर्शनात ठेवायचे आहे: कुंडी बदलावी का, आणि डेडवूड (मेलेले, साल नसलेले लाकूड) किती उजळावे?

नौपाड्याची बाल्कनी | २४ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी १९८९ च्या डिसेंबरात पुण्याहून आणलेले ज्युनिपरचे, म्हणजे खवल्यांसारख्या बारीक पानांच्या सदाहरित झाडाचे, एक बोन्साय त्यांच्या पश्चात गेली सहा वर्षे मी सांभाळते आहे. कुंडीच्या काठापासून उंची ५८ सेंटिमीटर आहे, बुंधा मातीलगत साधारण ८ सेंटिमीटर जाड आहे, आणि डाव्या अंगाला मातीपासून जवळजवळ पहिल्या फांदीपर्यंत साल नाही, नुसते लाकूड उघडे आहे, म्हणजे ज्याला आपल्यात शारी म्हणतात ते. शेंड्याजवळ वाळलेल्या दोन फांद्यांचे जिनही, म्हणजे साल नसलेली सुकी टोके, आहेत. झाड पूर्वेच्या बाल्कनीत असते आणि त्याला सकाळी साडेअकरापर्यंत ऊन मिळते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात झाडाफुलांचे प्रदर्शन आहे, आणि त्यातील बोन्साय विभागात हे झाड ठेवावे असे घरच्यांच्या मनात आहे, खरे म्हणजे माझ्याही. सासऱ्यांनी ते कधी घराबाहेर नेले नाही, त्यामुळे प्रदर्शनासाठी झाड कसे तयार करतात हे विचारावे असे घरात कोणी नाही.

अडचणी अशा आहेत. कुंडी निळ्या ग्लेझची, ११ सेंटिमीटर खोल असून मागच्या काठाला तडा गेला आहे. ज्युनिपरला निळी कुंडी शोभत नाही, तपकिरी घ्या, असे दोघांनी सांगितले. शारीचे लाकूड पावसाळ्यानंतर काळपट हिरवे झाले आहे, आणि आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पॉलिश पेपर मारून वर पांढरा रंग द्यावा असे फार आग्रहाने सांगत आहेत. पालवी बाहेरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दाट आहे, पण आत हात घातला की पिवळी पाने हातात येतात. उजवीकडच्या एका फांदीला, जी मी मे महिन्यात जास्त छाटली होती, खवल्यांऐवजी टोचणारी सुयांसारखी पाने आली आहेत. फांद्यांना वळण द्यायला मे महिन्यातच लावलेली तारही अजून तशीच आहे. हातात दहा आठवडे आहेत. कोणते काम आधी करावे आणि कोणते मुळीच करू नये, हे कृपया सांगावे.

पारसिकची गच्ची | २४ नोव्हेंबर

ताई, तुम्ही शेवटी विचारलेला भाग, म्हणजे काय करू नये, तोच आधी घेतो, कारण प्रदर्शनाच्या तयारीत जुनी झाडे दगावतात ती बहुतेक वेळा उत्साहाने दगावतात. कुंडी बदलू नका. सहा वर्षांत कुंडी बदललेली नाही असे मी धरून चालतो. अशा झाडाची मुळे कुंडीच्या आकाराची एक घट्ट वडी झालेली असतात. निळ्या कुंडीची खोली ११ सेंटिमीटर आहे. बुंध्याच्या जाडीइतकी कुंडीची खोली हा आपला ढोबळ हिशेब लावला तर प्रदर्शनाची कुंडी ८ सेंटिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे वडीचा खालचा तीन सेंटिमीटरचा थर कापावा लागणार. ज्युनिपरची गंमत, किंवा दगा म्हणा, असा की त्याची मुळे मेली तरी पाने कित्येक आठवडे हिरवी दिसत राहतात. झाड फेब्रुवारीत मांडवात दिमाखात उभे राहील, कदाचित बक्षीसही मिळवील, आणि एप्रिलमध्ये फांदीला हात लावला की पाने कडकड मोडतील. तेव्हा कारण शोधत बसण्यात अर्थ नसतो, ते डिसेंबरातच घडून गेलेले असते.

आता करायची कामे. सर्वांत आधी एक पांढरा कागद घ्या, आतली पिवळी दिसणारी एक फांदी त्यावर धरून बोटाने चार-पाच वेळा टिचकी मारा आणि कागद उजेडात धरून मिनिटभर पाहत राहा. टाचणीच्या टोकाहून लहान ठिपके चालू लागले आणि बोट फिरवल्यावर कागदावर तांबूस रेघ उमटली, तर लाल कोळी आहे असे समजा. ऑक्टोबरच्या उन्हात, त्यातही जिथे पावसाने पाने धुतली जात नाहीत अशा छपराखालच्या बाल्कनीत, ही कीड हमखास असते. कागद कोरा राहिला, तर आतली पिवळी पाने ही जुन्या पानांची नेहमीची गळती असू शकते. ती चिमट्याने काढली की काम झाले.

पालवी विरळ करताना कात्री पानांवरून सरळ फिरवू नका. कुंपणाची मेंदी कापतात तशी ज्युनिपरची पालवी कापली, की अर्धवट कापलेल्या प्रत्येक खवल्याचे टोक दोनेक आठवड्यांत तपकिरी होते, आणि जवळून पाहणाऱ्याला ते पहिल्यांदा दिसते. त्याऐवजी जो कोंब बाहेर आला आहे त्याच्या बुडाशी, जिथे हिरवी काडी किंचित लाकडी झाली आहे तिथे, आत कात्री घालून एकेक कोंब काढायचा. फांद्यांच्या बेचक्यातले आणि खाली लोंबणारे कोंब गेले की पालवीच्या प्रत्येक थराची खालची बाजू स्वच्छ दिसते, आणि दोन थरांमधून खोड दिसू लागते. माझ्या मते झाडाचे वय पाहणाऱ्याला तिथे जाणवते. ज्युनिपर आपली ताकद पालवीत साठवतो, म्हणून एकूण पालवीच्या एक तृतीयांशाहून अधिक काढू नका. तुमच्या बाबतीत मी पाव हिस्स्यावरच थांबेन.

सुयांची पाने हा त्या मे महिन्यातल्या छाटणीचा परिणाम आहे. ज्युनिपरवर ताण आला की तो लहानपणीची पाने काढतो, आणि त्यांच्या जागी पुन्हा खवले यायला एखादे-दोन वर्षे जाऊ शकतात. ती फांदी यंदा कापू नका, कापल्यास आणखी सुयाच येतील. तार मात्र आजच पाहा. सालीत रुतू लागली असेल तर उलगडत बसू नका, प्रत्येक वेढ्यावर कटरने तुकडे करून काढा.

कोपरी पूल | २५ नोव्हेंबर

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण कुंडीबाबत नाही. जपानमध्ये १९३४ पासून भरणाऱ्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनातसुद्धा कित्येक झाडे प्रदर्शनापुरती खास कुंडीत बसवून आणतात. मुळांना कात्री न लावता वडी अख्खी उचलून नव्या कुंडीत ठेवायची, बाजूने मातीचे मिश्रण भरायचे आणि प्रदर्शन संपले की परत जुन्या कुंडीत. निळ्या ग्लेझच्या कुंडीत ज्युनिपर पाहिले की परीक्षक पहिल्या दहा सेकंदांतच पुढे सरकतो. ग्लेझची कुंडी फुलाफळांच्या झाडांना, आणि सूचिपर्णींना बिनग्लेझची तपकिरी किंवा राखी, हा संकेत काही उगाच पडलेला नाही. ग्लेझची चमक आणि शारीचा पांढरेपणा एकमेकांशी भांडतात.

पारसिकची गच्ची | २५ नोव्हेंबर

संकेत मला मान्य आहे, पण अख्खी वडी उचलून ठेवायला नवी कुंडी निदान तेवढीच खोल लागते. ११ सेंटिमीटर खोल तपकिरी कुंडी आणली तर रंग बरोबर होईल, पण झाड तपेलीत उभे केल्यासारखे दिसेल. उथळ कुंडी आणली तर कात्री आलीच. शिवाय कोकुफू फेब्रुवारीत भरते तेव्हा टोकियोच्या थंडीत झाड निजलेले असते; आपल्याकडे जानेवारीत पहाटे साधारण १६-१७ अंशांपर्यंत तापमान उतरते, त्यात ज्युनिपर डुलकी घेतो, झोपत नाही. ताईंनी निळी कुंडी घासूनपुसून न्यावी आणि तडा मागेच ठेवावा. परीक्षक पुढे सरकला तर सरकला.

खारघरचे खोड | २६ नोव्हेंबर

मी फक्त लाकडाविषयी लिहिते. पॉलिश पेपर आणि पांढरा रंग या दोन्हींना नम्रपणे नकार द्या. शारीच्या लाकडावर वाऱ्यापावसाने उठलेल्या बारीक उभ्या रेघा असतात, आणि अनेक वर्षांचे झाड आणि मागच्या वर्षी कोरलेले झाड यांतला फरक त्या रेघांतच असतो. पॉलिश पेपरने त्या अर्ध्या तासात जातात आणि हातात उरतो तो खुर्चीचा पाय. रंगाचा पापुद्रा तर पुढच्या पावसाळ्यात सुटतो आणि त्याच्या आड ओल धरून लाकूड कुजते. मी स्वतः पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी तारेचा ब्रश वापरला होता. त्या झाडाच्या खोडावरचे ओरखडे अजून मोजता येतात.

साधा, मऊ झालेला टूथब्रश आणि पाणी घ्या. ब्रश रेघांच्या दिशेने, म्हणजे उभाच फिरवा, आणि फटींतले हिरवे बांबूच्या टोकदार काडीने काढा. मातीलगत काडी जरा दाबून पाहा. तिथे लाकूड बुरशीने मऊ झाले असेल तर काडी आत जाईल. तेवढा मऊ भाग खरवडून कडक लाकडापर्यंत जा आणि तिथून माती अर्धा सेंटिमीटर दूर ठेवा. आपल्याकडचा चार महिन्यांचा ओलावा पाहता जुन्या ज्युनिपरचे लाकूड वरून नव्हे, या सांध्यातून जाते.

यानंतर लाइम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचे द्रावण. हे बुरशी रोखते आणि लाकूड पांढरे करते. लाकूड आधी पाण्याने ओलसर करायचे, म्हणजे द्रावण आत शोषले जाते, आणि उन्हाच्या सकाळी बारीक ब्रशने लावायचे. लावताना ते पिवळेधम्मक दिसेल, घाबरू नका, वाळता वाळता पांढरे होते. मातीवर प्लास्टिक आणि जिवंत सालीच्या पट्ट्यावर ओले फडके अवश्य गुंडाळा, कारण ते मुळांत उतरलेले चांगले नाही. हे काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत उरका. प्रदर्शनाच्या आठवड्यात लावलेले लाकूड ट्यूबलाइटसारखे पांढरे दिसते. सहा-सात आठवड्यांत ते निवळून हाडाच्या रंगावर येते. घाई असेल तर द्रावणात काळ्या शाईचे दोन थेंब टाकतात.

एक खबरदारी आणि एक किस्सा, दोन्ही वासाचे. द्रावणाला सडक्या अंड्यांचा इतका वास येतो की आमच्या इमारतीत गॅस गळतोय अशी बोंब होऊन वॉचमन सिलिंडर तपासायला वर आला होता. तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगा. आणि निळ्या कुंडीच्या काठावर टँकरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल, तर तो व्हिनेगरने काढण्याचे काम त्याच दिवशी, त्याच जागी करू नका. लाइम सल्फर आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू सुटतो, आणि बंद बाल्कनीत तो थट्टेचा विषय नाही.

कोपरी पूल | २६ नोव्हेंबर

पांढरे करायलाच हवे का, हाही प्रश्न विचारावा. हिमालयातल्या जुन्या धुपीच्या, म्हणजे तिथल्या ज्युनिपरच्या, झाडांची वाळलेली खोडे मी लाहौलमध्ये पाहिली आहेत. ती चंदेरी राखी असतात, चुन्यासारखी नव्हे.

खारघरचे खोड | २६ नोव्हेंबर

तिथली कोरडी हवा आणि डोंगरावरचे ऊन ठाण्यात आणता आले तर मीही बाटली फेकून देईन. इथे लाकूड राखी होत नाही, काळे होते.

नौपाड्याची बाल्कनी | २९ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. कागदाची परीक्षा केली. पहिल्या फांदीखाली काहीच नव्हते, म्हणून मनात म्हटले सुटले. पण मागच्या, भिंतीकडच्या फांदीखाली टिचकी मारली तेव्हा तिखटाची पूड सांडावी तसे ठिपके पडले आणि चालू लागले. बोट फिरवले तर तांबूस रेघ. माझे यजमान चष्मा लावून पाहत होते, ते म्हणाले, बाबा हे झाड दर रविवारी गच्चीवर नेऊन नळीने धुवायचे, आणि आपण त्याला ओझे समजून बंद केले.

तार काढली. दोन ठिकाणी सालीवर पुसट वळ उठले आहेत. मुळांनी कुंडी भरली आहे हे खरे, पण पाणी घातले की अर्ध्या मिनिटात खाली उतरते. आता नवा प्रश्न असा की कीड असताना पालवी विरळ करावी का, आणि असे झाड प्रदर्शनात न्यावे का? बाजारातले कडुनिंबाचे तेल घरात आहे.

पारसिकची गच्ची | २९ नोव्हेंबर

भिंतीकडची बाजू तुम्ही तपासली हे उत्तम केले. कोळी तिथेच असतो, जिथे ऊन आणि हात दोन्ही पोचत नाहीत. तुमच्या सासऱ्यांचा रविवार पुन्हा सुरू करा, फक्त पहिले तीन आठवडे दर तीन-चार दिवसांनी. गच्चीवर नळीच्या तोंडाशी अंगठा धरून जोराची धार खालून वर, पानांच्या पोटावर मारायची. एकदा धुऊन भागत नाही, कारण मागे राहिलेली अंडी फुटतच असतात. पाणी दोन मिनिटांच्या आत निथळते तोवर मुळांची काळजी नको, मात्र धुताना मातीवर प्लास्टिक टाका, नाहीतर झाडाला विनाकारण रोज भिजवल्यासारखे होईल. कडुनिंबाचे तेल आधी एका मागच्या डहाळीवर वापरून पाहा. ज्युनिपरच्या पानांवर जी निळसर लव दिसते ती मेणाची असते, तेलाने ती पुसली जाते आणि झाड प्रदर्शनात गडद, ओशट दिसते. मला हा धडा महागात मिळाला होता: प्रदर्शनापूर्वी झाड निगा राखण्यासाठी एकाकडे ठेवले, त्याने चकाकी यावी म्हणून सगळ्या पालवीवर पाने चमकवण्याचा स्प्रे मारला, आणि माझे ज्युनिपर प्लास्टिकचे आहे का, असे तीन जणांनी विचारले.

पालवीचे काम थांबवा. आतली मेलेली पाने चिमट्याने काढा, त्याने धार आत पोचते, पण हिरव्याला कात्री लावू नका. जानेवारीच्या १५ तारखेला कागद पुन्हा धरा. तेव्हा कागद कोरा असेल आणि टोकांना फिकट हिरवी नवी वाढ दिसत असेल, तर मग हलकी विरळणी करून झाड न्या. नसेल तर यंदा झाड घरी आणि तुम्ही प्रेक्षक.

खारघरचे खोड | ३० नोव्हेंबर

लाकडाचे काम कीड असतानाही चालेल, त्याचा पालवीशी संबंध नाही. फक्त द्रावण पानांवर उडू देऊ नका. मातीवरच्या शेवाळाची तजवीजही आत्ताच करा. जानेवारीत ठाण्यात भिंतीवरचे शेवाळ वाळून काळे पडलेले असते, आणि येऊरला जाऊन खरवडून आणण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. सोसायटीच्या टाकीखाली गळका कोपरा असतोच. तिथले बारीक, मखमली शेवाळ पातळ थरात काढून सावलीत ट्रेमध्ये ठेवा आणि प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी मातीवर तुकडे जोडून बसवा. बुंध्याला टेकवू नका, मुळांची सुरुवात दिसली पाहिजे.

नौपाड्याची बाल्कनी | १७ जानेवारी

उशिरा लिहीत आहे. कागद तीन वेळा धरला, तिन्ही वेळा कोरा. भिंतीकडची फांदी अजून विरळ आणि पिवळट आहे, पण बाकी झाडाच्या टोकांना पोपटी नवी वाढ आली आहे. विरळणी अगदी थोडी केली. एका संध्याकाळी चष्मा लावून अडीच तास बसले तेव्हा दोन मुठी पालवी निघाली, आणि अचानक दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मधून खोडाचे ते वळण दिसू लागले जे सासऱ्यांच्या जुन्या फोटोत आहे आणि जे मी सहा वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. जिवंत पट्ट्यावरची सुटी साल बोटाने निघाली, खाली तांबूस रंग आहे. शारी डिसेंबरात केली, आता हस्तिदंती दिसते. शेजारच्या गृहस्थांनी वासाबद्दल तक्रार केली, मग येऊन बघून गेले आणि रंगाचा विषय पुन्हा काढला नाही.

कुंडी तीच. काठाचा पांढरा थर निघाला. आता शेवटचे दोन प्रश्न. अर्जात झाडाचे वय विचारले आहे. आणलेले १९८९ साली, पण तेव्हा ते किती वर्षांचे होते ते सासऱ्यांच्या वहीत नाही. आणि झाड नौपाड्यातून न्यायचे कसे, रिक्षा चालेल का?

कोपरी पूल | १७ जानेवारी

वयाच्या रकान्यात ‘१९८९ पासून संगोपनात’ असे लिहा. प्रदर्शनांतली अर्धी झाडे शंभर वर्षांची असतात आणि त्यांचे मालक तो आकडा दर वर्षी वाढवतात. तुमच्याकडे वही आहे, ती पुरे. मांडणीत स्टूल साधे, गडद रंगाचे, कुंडीपेक्षा बोटभर रुंद घ्या. आणि शेजारी जोडझाड म्हणून गवताची एक लहानशी जुडी ठेवा, फुलांचे काही नको. कुंडीबाबत मी माझे म्हणणे मागे घेत नाही, पण पाहायला नक्की येईन.

पारसिकची गच्ची | १८ जानेवारी

रिक्षा नको. चारचाकीत मागच्या सीटच्या खाली, पायांच्या जागेत, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कुंडी ठेवा, चारही बाजूंनी वाळूच्या पिशव्या दाबा आणि कुंडी क्रेटला सुतळीने बांधा; झाडाला कुठेही दोरी लावू नका. पालवीभोवती जुनी सुती साडी सैल गुंडाळा. पाणी आदल्या संध्याकाळी भरपूर द्या, निघताना नको, म्हणजे वजनही कमी आणि शेवाळही घसरणार नाही. स्टूलवर ठेवताना खोडाचे ते वळण दुसऱ्या-तिसऱ्या फांदीतून उभ्या माणसाला दिसेल असे कुंडी थोडी फिरवून बघा, आणि मग मागच्या काठाचा तडा आपोआप कुठे येतो ते पाहा. प्रदर्शनाच्या तीन दिवसांत रोज पहाटे हॉल उघडताच तुम्ही स्वतः जाऊन पाणी घाला. हे काम तिथल्या स्वयंसेवकांवर सोपवू नका. परत आल्यावर झाड महिनाभर त्याच बाल्कनीत त्याच जागी ठेवा. त्या निळ्या कुंडीचा विचार पुढच्या वर्षी करू.